भात पोटरीला आलं की

हरितालिका

कणकवलीला गाडी जवळजवळ रिकामी झाली. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून चतुर्थीच्या तोंडावर या फलाटावर चाकरमान्यांचा पूर येतो. बॅगा, कापडी मखरांच्या घड्या, खाऊचे डबे. माझं लक्ष मात्र ढोलकी छातीशी धरून उतरणाऱ्या पोरांकडे गेलं. स्वतःची बॅग त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली होती, ढोलकी दिली नव्हती.

मी आरास पाहायला आले नव्हते. कोकणातला भादवा शेतीच्या वर्षात नेमका कुठे बसतो आणि त्यातल्या फुगड्या, गाणी, नाच शेताशी कसे बांधलेले आहेत, ते मला पाहायचं होतं. रोहिणी-मृगात पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी, मग बेणणी, म्हणजे तण काढणं. ती उरकली की कापणीपर्यंत भाताला पाऊस हवा असतो, माणूस फारसा नको असतो. चतुर्थी येते ती या उसंतीत. चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात एवढी एकच मोकळीक, आणि गावानं ती सगळी नाचण्या-गाण्यासाठी राखून ठेवली आहे.

एसटीनं आचऱ्याच्या बाजूला उतरले. मैत्रिणीचं घर भाताच्या मळ्याला लागून आहे. तिची आई, आमची काकी, हरितालिकेच्या उपासाची, तरी सकाळपासून उभीच. मला बघून म्हणाली, "दमलंस गो? पाय धुव आणि बस हय." बसायला वेळ नव्हताच, कारण माटवी बांधायची होती.

गणपती बसतो त्या जागेच्या वर टांगलेली लाकडी चौकट म्हणजे माटवी. तिला आंब्याचे टाळे, सुपारीची शिपटी, नारळ, तवशी, दोडकी, चिबूड असं परसातलं बांधतात आणि त्याच्या जोडीला रानातलं: पांढऱ्या पानांचं शेरवड, कांगण्यांचे घोस, तेरडा, लालभडक कवंडळं. पोरं सकाळीच रान तुडवून आली होती. काकीनं एकेक जिन्नस हातात घेऊन माझ्यापुढे धरला. कवंडळ तिनं दोनदा दाखवलं. "ह्या नसलां तर माटी कसली गो?"

पावसाळ्यात या जमिनीतून जे जे निघतं ते देवाच्या डोक्यावर टांगायचं, हा विचार मला फार मोठा वाटतो. विकतच्या प्लास्टिकच्या फळांच्या माळा कणकवलीच्या बाजारात मी पाहून आले होते. त्या या चौकटीला लावल्या तर ती माटवी राहतच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. काकांनी सुंभ आवळून शेवटचा नारळ बांधला तेव्हा चौकट कुरकुरली. त्यांनी खालून हात लावून वजन अजमावलं आणि मगच ते स्टुलावरून उतरले.

चतुर्थी

गणपती पाटावर बसून, डोक्यावरून आला. मळ्याच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, येताना सगळे एका रांगेत, कारण मेर एका पावलाचीच असते. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर, मोदक. जेवणावर मी फार लिहीत नाही. मालवणी घरात चतुर्थीला पंगतीत बसलेल्याला ते सांगायला नको आणि न बसलेल्याला सांगून कळायचं नाही.

संध्याकाळी आरत्या सुरू झाल्या. वाडीतला प्रत्येक जण प्रत्येकाच्या घरी जातो. झांजा, मृदंग आणि चढत जाणारा आवाज. एका घरून दुसऱ्या घरी जाताना टॉर्चचे झोत भाताच्या पातीवर पडत होते.

बायकांची रात्र मात्र आरत्या आटपल्यावर उजाडली. काकीच्या पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पत्र्याच्या मांडवाखाली, फुगड्या. मी शहरात शाळेच्या स्नेहसंमेलनात फुगडी पाहिलेली. दोघींनी हात धरून गिरकी मारायची, टाळ्या घ्यायच्या, संपलं. इथे पहिला तासभर कुणी गिरकीच घेतली नाही. बायका गोल धरून, किंचित वाकून, एक पाऊल आत एक बाहेर टाकत गात राहिल्या. एक जण ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात, आणि उचलताना शेवटचा शब्द जमिनीवर आपटल्यासारखा टाकतात. त्या आपटण्यावरच पाऊल पडतं. मग हळूहळू प्रकार निघाले: दंडफुगडी, बसफुगडी, एकीनं बसून दुसरीला गरगर फिरवायचं जातं, उकिडवं बसून उड्या मारत जायचा कोंबडा. कोंबड्याला पोरीबाळींच्या गुडघ्यांतली हवा गेली, आणि साठी ओलांडलेल्या एका आजीनं खळ्याला अख्खी फेरी घातली. मला हाताला धरून तिनंच आत ओढलं.

गाण्यांत सासू होती, जाऊ होती, वाटेत आडवा येणारा वहाळ होता, आणि परत परत भाऊ होता. मुळाला, म्हणजे माहेरी न्यायला, येणारा, न येणारा, साडी आणणारा, विसरणारा. गाणारीनं भावाच्या जागी प्रत्येक वेळी समोरच्या बाईच्या खऱ्या भावाचं नाव घातलं, आणि जिचा भाऊ यंदा मुंबईहून आला नव्हता तिचं नाव आल्यावर गोल क्षणभर मंदावला. त्या बाईनंच पुढची ओळ उचलून तो पुन्हा फिरता केला.

आजीला विचारलं, ही गाणी कुठे शिकलात? "लावणीक," ती म्हणाली. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढताना, मुठी बांधताना, पाठीवर पाऊस घेऊन ओळीनं लावत मागे सरकताना. बायका दिवसभर वाकलेल्या असायच्या, कुणी तरी सूर लावला की हात आपोआप एका वेळी पडायचे. आता लावणीला बायका मिळत नाहीत, ज्या येतात त्या वेगवेगळ्या वाड्यांतून मजुरीवर येतात, एकमेकींची गाणी त्यांना येत नाहीत. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पण माझ्या मनातून ते गेलं नाही. फुगडी वर्षातून काही रात्रीच असते. तिची तालीम लावणीत होत होती, महिना-महिना.

ऋषिपंचमी

आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरानं पिकवलेलं वर्ज्य. म्हणून ऋषीची भाजी: अळू, भोपळा, सुरण, भेंडी, शिराळी, चवळीच्या शेंगा, मक्याची कणसं, परसात हातानं लावलेलं जे असेल ते एकत्र शिजवलेलं, मसाला जवळजवळ नाहीच. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवतो त्याचं ऋण एक दिवस ताटात मानायचं. देशावर पोळ्याला बैल सजवतात. या किनारपट्टीला गुरांचा सण येतो तो दिवाळीच्या पाडव्याला, कापणी होऊन मळे मोकळे झाल्यावर. भादव्यात बैलाच्या वाट्याला येते ती ही पंचमी. या वाडीत आता बैलजोडी एकच आहे, बाकी सगळं पॉवर टिलरवर. काकी तरीही बाजारातून भाजी आणत नाही.

आजच उंदीरबी. काकांनी केळीच्या पानावर वडे आणि थोडी ऋषीची भाजी घेतली आणि मला घेऊन मळ्यावर निघाले. मेरेच्या कोपऱ्यात उंदराचं बीळ होतं, त्याच्या तोंडाशी पान ठेवलं, हात जोडले. भात खाऊ नकोस, हे खा, एवढंच मागणं. परत वळताना म्हणाले, "उंदराक पण पोट आसा."

तिथेच त्यांनी मला भात दाखवलं. वरच्या कोपऱ्यातलं हळवं, लवकर तयार होणारं, निसवलं होतं, लोंबी बाहेर पडून फुलोऱ्यात. खालच्या पाणथळ कुणग्यातलं, म्हणजे खाचरातलं, उशिरा तयार होणारं गरवं अजून पोटरीतही नव्हतं, खोडात लोंबी धरून फुगलं नव्हतं. एक लोंबी त्यांनी बोटांवर हलकेच आडवी धरली. प्रत्येक दाण्याच्या फटीतून पांढुरके बारीक केसर लोंबत होते. सकाळच्या काही वेळापुरतंच दाण्याचं तोंड उघडतं, तेवढ्यात फलन व्हायचं आणि परत मिटायचं. त्या वेळात धो-धो पाऊस आला तर दाणा पोचट राहतो. म्हणून या दिवसांत काका आभाळाकडे बघतात ते वेगळ्या डोळ्यांनी. रात्री आरतीत ते सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते, त्यात हेही मागणं असणार.

बियाण्याचं विचारलं. हळवं म्हणजे रत्नागिरी-24, शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेलं. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 साली झालं, त्यानंतर सुधारित जाती हळूहळू घराघरांत शिरल्या. पण पेजेसाठी एका तुकड्यात ते अजून जुनं लाल वालय लावतात. उत्पन्न कमी, पण त्याशिवाय त्यांना सकाळ होत नाही.

षष्ठी

प्रवासाचा दिवस. कणकवलीहून उत्तरेला, खारेपाटण, राजापूर, लांजा करत हातखंब्यापर्यंत महामार्ग, तिथून रत्नागिरी. खिडकीतून एकच गोष्ट मोजावीशी वाटत होती: लावलेलं किती आणि पड किती. नदीकाठचे मळे हिरवेगार. वरच्या अंगाची शेतं, जिथे पूर्वी नाचणी आणि वरी असायची, ती बहुतेक ठिकाणी गवतात गेलेली. संध्याकाळी मालगुंडला मुक्काम.

गौरी आवाहन

सकाळी जयगडहून फेरीबोटीनं शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळ. पलीकडे गुहागर तालुका. बोटीवर दोन दुचाकींच्या मध्ये सुपांची चळत बांधून एक बाई उभी होती, कोरी, बांबूची, अजून हिरवट वास येणारी. ओवशाची, गौरीपुढे भरलेलं सूप धरायच्या विधीची. लेकीचा पहिला ओवसा, म्हणाली, आणि यंदा गौर पूर्वात आली आहे.

हे गणित मला आधी माहीत नव्हतं. गौरी बसतात त्या चंद्राच्या नक्षत्रांवर: अनुराधेला येणार, ज्येष्ठेला पूजन, मूळला जाणार. पण नव्या सुनेचा पहिला ओवसा व्हायचा तर त्या वेळी सूर्य पूर्वा नक्षत्रात असावा लागतो, म्हणजे पावसाचं पूर्वा. ते साधलं नाही तर सून पुढच्या वर्षाची वाट बघते. पेरणी, लावणी ज्या नक्षत्रांवर चालते त्यांच्यावरच सुनेचा मानही चालतो. पंचांग भिंतीवर एकच, शेताचं वेगळं आणि देवघराचं वेगळं असं नाही.

हेदवीच्या अलीकडच्या एका वाडीत माझी सोय होती, कुणबी घरात. दुपारी पोरी गौर आणायला सड्यावर, वरच्या कातळपठारावर, निघाल्या, त्यांच्याबरोबर मीही. खालून चढताना फक्त जांभा आणि शेवाळ दिसतं. वर पोचलं की सगळा कातळ तेरड्यानं गुलाबी झालेला, मधूनमधून सोनकीची पिवळी नक्षी. उन्हाळ्यात याच कातळावर पाय भाजतात. जांभ्याच्या खळग्यांत चार बोटं माती साचते, तेवढ्यावर हे सगळं फुलतं. पोरींनी तेरडा मुळासकट उपटला, ओढ्यावर मुळं स्वच्छ धुतली, जुडी बांधली, हळद-कुंकू वाहिलं. हीच गौर. घरी नेऊन तिला मुखवटा आणि साडी चढते, पण आतून ती सड्यावरची जुडीच असते.

दारात तांदळाच्या पिठाची पावलं उमटवत, कुठून आलीस, काय घेऊन आलीस, असं विचारत तिला कणगीपर्यंत, चुलीपर्यंत, गोठ्यापर्यंत फिरवली. गोठ्यात आता मोटारसायकल असते. तिथेही पावलं काढली. रात्री नैवेद्य भाकरी आणि पालेभाजीचा: माहेरी आलेल्या लेकीला प्रवासातून आल्यावर जे साधं द्यावं ते.

गौरीपूजन

सकाळी ओवसे. सुपात पानं, काकडी, खारीक, सुपारी, हळकुंड, रानभाजी, त्याच्यावर दुसरं सूप झाकलेलं, हळदीत भिजवलेला दोरा गुंडाळलेला. नवी सून गौरीपुढे उभी राहून सूप दोन्ही हातांनी पाच वेळा हलवते. सूप हलवण्याची ती लकब पाखडण्याची. तिच्या सासूनं मागून हळूच मनगट धरून कोन दुरुस्त केला, कारण मुलगी नालासोपाऱ्यात वाढलेली, तिनं भात कधी पाखडलेलं नव्हतं. पाचव्या वेळी जमलं. सासूचा चेहरा उजळला.

दुपारी गौरीला तिखटाचा नैवेद्य, कोंबडी-वडे. गणपतीपुढे पडदा ओढला. लेक सासरहून आली आहे, तिला आवडीचं घालायचं. याबद्दल नाकं मुरडणारे मला शहरात भेटतात. त्यांनी एकदा या पंगतीत बसावं.

आणि रात्री जाखडी. बाल्या नाच. मी आले होते ती मुख्यतः यासाठी.

अंगणाच्या मधोमध मेळ्याचे मुख्य गायक, बुवा, बसले, शेजारी ढोलकी, मृदंग, झांज. भोवती नाचणारे गोल करून, उजव्या पायात घुंगरांची चाळ. आधी गण, मग गवळण, मग सवाल. एक फळी शक्तीवाल्यांची, पार्वतीला थोर मानणारी, दुसरी तुरेवाल्यांची, शंकराला मानणारी. पुराणातला पेच घालायचा, समोरच्यानं चालीत आणि यमकात सोडवायचा, नाही सुटला तर रात्रभर टोमणे ऐकायचे. शेतात राबणाऱ्या आणि गिरणीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांनी हे पांडित्य तोंडी सांभाळलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर कोकणातले कितीतरी गिरणी कामगार गावी परतले, आणि चाळीत घासलेल्या ढोलक्या त्यांच्याबरोबर परतल्या. आमच्या बुवांचे वडील त्यांतलेच एक.

नाच सुरू झाल्यावर मी गाण्याकडे लक्ष देणं सोडलं आणि जमिनीलगत बसून फक्त पाय बघितले. कंबरेतून वाकलेलं अंग, गुडघे मोडलेले. उजवा पाय आधी थोडा वळतो, मग टाच सुटते, मग चवडा, आणि वर आलेला पाय लगेच पुढे न जाता क्षणभर हवेत थांबून सपाट खाली येतो. चाळ वाजते ती पाय पडताना नाही, उचलताना. तरुण पोरांत तिघा-चौघांचा पाय नुसताच आपटत होता. मध्यंतरात बुवांनी त्यांना बाजूला घेतलं. "चिखलात रुतलेला पाय काडतोस तसा काड. हिसका दिलास तर गुडघा जाईल. वळव, हवा जाऊ दे, मंग उचल." एकानं विचारलं, हवा म्हणजे? बुवा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आषाढात ये. चिखळणीला उभा करतो."

थट्टा नव्हती ती. गेली काही वर्षं ते असंच करतात: मेळ्यात यायचं असेल त्यानं आषाढात रजा काढून लावणीला यायचं. मुंबईहून येणारी काही पोरं येतात, काही सोडून जातात. आपल्या सहा गुंठ्यांत बुवा भात लावतात ते भातासाठी जेवढं, तेवढंच पायांसाठी.

उत्तररात्री शेजारच्या वाडीचा मेळा आला. चमचमते कपडे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मोठे स्पीकर. पोरांचा उत्साह खरा होता, मेहनतही दिसत होती, आणि नव्या वाद्यांना माझा सरसकट विरोध नाही. पण ऑक्टोपॅडच्या दणक्यात चाळ ऐकूच येत नव्हती. पाय ऐकू आला नाही तर जाखडीत उरतं काय? बुवा काही बोलले नाहीत. आपला डाव आला तेव्हा त्यांनी माइक बंद करायला सांगितला. पहिल्यांदा गोंधळ झाला, मागचे ओरडले. मग लोक पुढे सरकले, गोल आवळला गेला, आणि सगळ्या चाळा एका वेळी उठलेल्या आम्ही ऐकल्या.

विसर्जन

संध्याकाळी गौर आणि गणपती एकत्र निघाले. वाट मळ्यातून वहाळाकडे. बायका गाणी म्हणत, पुरुष नाचत. नाचताना मेरेवरून कुणाचा पाय घसरून भातात गेला की म्हातारी माणसं नाचणाऱ्याला नाही, भाताला सांभाळा म्हणून ओरडत होती. तेरड्याची जुडी पाण्यात सोडली, तळातली मूठभर वाळू पाटावर घेतली. घरी आणून ती कणगीत आणि गोठ्यात टाकली.

उद्यापासून चाकरमानी परतणार. रात्री पडवीत कापणीचा हिशेब बसला: हळवं घटस्थापनेच्या आसपास, गरवं दिवाळीच्या आगेमागे. मधे नव्याची पौर्णिमा, कोजागिरीची. त्या दिवशी नव्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुरडू आणि आंब्याची पानं एकत्र बांधून दाराला, कणगीला, जात्याला लावतात आणि नव्या तांदळाचा पहिला भात शिजतो. त्याला मुंबईहून कुणी येत नाही, तेव्हा रजा नसते. बांधायला हात असतात बुवांचे आणि त्यांच्या बायकोचे, वहिनींचे.

मी येते म्हणाले. वहिनींना वाटलं मी बोलायचं म्हणून बोलते आहे. तारीख पंचांगात बघून मी त्यांच्यासमोर तिकीट काढलं, तेव्हा त्यांनी विचारलं, कापता येतं का? नाही म्हणाले.

"जुनी साडी आणा एक," वहिनी म्हणाल्या. "विळा हाय आमच्याकडं."